दुधात ऑटोफॅजी उतरत नाही

पत्र असं आहे:

"डॉक्टरबाई, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातली. वय २७. पहिलाच मुलगा, परवा साडेपाच महिन्यांचा झाला. जन्मला तेव्हा रडला नाही. रात्रभर कळा होत्या, शेवटी चिमटा लावून काढला. सतरा दिवस काचेत होता, दुसऱ्या दिवशी झटके आले. कागदावर 'एचआयई स्टेज टू' लिहिलंय. एमआरआयमध्ये थॅलॅमस म्हणून जागा आहे तिथे डाग दिसले. डॉक्टर म्हणतात व्यायाम चालू ठेवा, बघत राहू. बघत राहू म्हणजे काय करू, ते कळत नाही.

माझे दीर हिंजवडीला आयटीत आहेत. त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. त्यात आहे की सोळा तास उपाशी राहिलं की ऑटोफॅजी सुरू होते, मेंदूतल्या मेलेल्या पेशी साफ होतात, यावर जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालंय. बाळाला उपाशी ठेवता येत नाही, पण आईनं उपास केला तर दुधातून फायदा होतो, असंही त्यात आहे. मी सात आठवडे दुपारी बारा ते आठ एवढ्यातच खाते. दूध कमी झालंय. सासूबाई म्हणतात वरचं पाणी घातलेलं गाईचं दूध पाज. दिरांनी अमेरिकेतून गव्हाच्या अंकुराच्या कॅप्सूल मागवल्यात, त्या फोडून बाळाला चाटवायच्या का? ऑटोफॅजी वाढवायचं खात्रीचं औषध आहे का? आणि जाऊबाई म्हणतात, तेव्हाच पुण्याला नेऊन बाळाला थंड करायची ट्रीटमेंट दिली असती तर वाचलं असतं. आम्ही नेलं नाही. मीच आधी सिझर नको म्हणत होते.

बाकी बाळ बरं आहे. हसतो. हल्ली झोपेतून उठला की चार-पाच वेळा ओळीनं दचकतो, हात पसरून पुढे वाकतो, मग रडतो. सासूबाई म्हणतात पोटात वारा धरतोय. मला आई नाही, तुम्ही मला 'तू' म्हटलंत तरी चालेल."

अगं, तू बरंच काही विचारलंस, पण माझं सगळं लक्ष तू न विचारलेल्या गोष्टीकडे गेलं. शेवटच्या त्या दचकण्याकडे.

सासूबाईंचा वाऱ्याचा अंदाज खरा ठरो. पण जन्मताना गुदमरलेल्या बाळांना (तुझ्या कागदावरच्या 'एचआयई'चा अर्थ तोच, ऑक्सिजन कमी पडून मेंदूला झालेली इजा) तीन महिन्यांपासून वर्षाच्या आत एका विशिष्ट प्रकारचे झटके येऊ शकतात. आमच्यात त्यांना 'सलाम फिट्स' म्हणत, कारण बाळ सलाम ठोकल्यासारखं पुढे वाकतं. झटका एक-दोन सेकंदांचा. मग काही सेकंद थांबून दुसरा, मग तिसरा, असे ओळीनं येतात. बहुधा झोपेतून उठल्यावर. साधं दचकणं आवाजानं किंवा धक्क्यानं होतं आणि एकदाच होतं. शिवाय तान्ह्या बाळाची ती दचकायची सवय चार ते सहा महिन्यांच्या सुमारास जायला लागते, तुझ्याकडे ती आत्ता नव्यानं आलीये. पोटदुखीत बाळ पाय पोटाशी घेतं, पण ठरावीक ठेक्यात वाकत नाही.

त्यामुळे उद्या सकाळी तो उठायच्या आधी मोबाईल हाताशी ठेव. त्या दचकण्यांची पूर्ण माळ चित्रित कर, पांघरूण बाजूला करून, हातपाय दिसतील असं. तो व्हिडिओ घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, हवाय म्हणून स्पष्ट सांग. ईईजीत थोडी झोपही आली पाहिजे, नुसत्या जागेपणीचा पुरत नाही. उद्या माळ दिसली नाही, व्हिडिओ निघाला नाही, तरी जा. हे निघालंच तर त्यावर औषधं आहेत. एसीटीएच नावाच्या हार्मोनची इंजेक्शनं किंवा तोंडावाटे द्यायचं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, आणि विगाबॅट्रिन. ती जितकी लवकर सुरू होतात तितकं बाळाच्या पुढच्या शिकण्याच्या दृष्टीनं बरं असतं. माझ्या ओपीडीत अशी बाळं यायची ती दोन-दोन महिने 'वारा', 'दृष्ट', 'दात येतायत' यात घालवून. आयांची चूक नव्हती. ते दिसायलाच इतकं किरकोळ असतं.

आता उपास. तो आजपासून बंद. कारणं पुढे सांगते, आधी जेव. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा साधारण ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक जेवण वाढवायचं, तर तू एक कापलंस. तुमच्याकडची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळ, दूध, डिंकाचा लाडू, जे घरात असेल ते, आणि भूक लागेल तेव्हा, रात्री दोन वाजतासुद्धा. आशाताईकडून या आठवड्यात बाळाचं वजन करून घे आणि मागच्या नोंदीशी ताडून बघ. वजन नीट वाढत असेल तर दूध कमी झाल्याची तुझी भीती फोल आहे. वाढत नसेल तर डॉक्टरांना सांग, वरचं काय आणि किती द्यायचं ते तेच ठरवतील. पाणी घातलेलं गाईचं दूध मात्र नको. बाळ स्वस्थ पडलेलं असताना जी शक्ती वापरतं, तिच्यातली जवळपास निम्मी त्याचा मेंदूच खातो, आणि आपण त्यालाच पाणी पाजायचं?

दिरांचा व्हिडिओ सगळाच खोटा असता तर माझं काम सोपं होतं. त्यात खऱ्याचे तुकडे आहेत, आणि पंचाईत तीच आहे.

ऑटोफॅजी म्हणजे स्वभक्षण, पेशीनं स्वतःचाच भाग खाणं. हे नाव ख्रिस्तियान द दूव या बेल्जियन शास्त्रज्ञानं १९६३ मध्ये दिलं. पेशीतली पचनाची पिशवी, जिला शाळेच्या पुस्तकात 'लयकारिका' म्हणतात, तीही त्यांनीच शोधलेली. जपानी शास्त्रज्ञ म्हणजे योशिनोरी ओसुमी. त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं. पण ते कशासाठी? ज्या यीस्टनं पाव फुगतो त्या यीस्टला त्यांनी प्रयोगशाळेत उपाशी ठेवलं, पेशीच्या पोटात पिशव्या साचताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि हे काम कोणते जीन करतात ते हुडकून काढलं. काम अफाटच आहे. पण त्यात सोळा तास नाहीत, गुदमरलेलं बाळ नाही, आईचं दूध तर नाहीच.

'मेलेल्या पेशी साफ होतात' हेही चूक. मेलेल्या पेशी उचलायचं काम मेंदूतल्या वेगळ्या सफाई पेशी करतात. स्वभक्षण ही जिवंत पेशीच्या आतली गोष्ट आहे. पेशीतल्या जुन्या प्रथिनांना, निकामी झालेल्या तंतुकणिकांना (पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांना) एका पडद्यात गुंडाळायचं, तो गठ्ठा लयकारिकेपर्यंत न्यायचा, तिथे विरघळवायचा आणि निघालेला माल पुन्हा वापरायचा. जुन्या वाड्यात थंडीच्या रात्री सरपण संपलं तर मोडकी खाट फोडून शेकोटी करतात ना, तसं. अडगळ निघते आणि ऊबही मिळते. पण थंडी हटेचना आणि माणसं तुळया उपसून जाळायला लागली, तर सकाळी वाडाच उरत नाही. तुझ्या प्रश्नाचं सगळं उत्तर या दोन लाकडांत आहे, खाट आणि तुळई. थोडं उलगडून सांगते, कारण तू नुसतं 'नको' ऐकून घेणारी वाटत नाहीस.

आधी शेकोटीची चांगली बाजू. नाळ कापली की बाळाचा आयता पुरवठा एका क्षणात तुटतो आणि दूध उतरायला वेळ लागतो. त्या मधल्या उपासमारीत पिल्लू कशावर तगतं? २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांत दाखवलं की जन्मानंतरच्या काही तासांत शरीरभर स्वभक्षण उसळतं. त्यासाठी लागणारा एक जीन ज्यांच्यात नव्हता, ती पिल्लं एका दिवसात मेली. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, आणखी दोन प्रयोग आले. त्यांत फक्त मज्जासंस्थेपुरतं स्वभक्षण बंद केलेले उंदीर होते. ते जन्मले, पण हळूहळू त्यांच्या मेंदूपेशींत प्रथिनांचा गाळ साचला आणि चालण्या-हालण्यात बिघाड झाला. म्हणजे रोजची झाडलोट मेंदूला हवीच. एरवी ती तुझ्याही डोक्यात चालू आहे आणि बाळाच्याही. तिला सुरू करायला कुणाचा उपास लागत नाही.

आता ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा काय होतं ते बघ. मोठ्या माणसाचा मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के. साठा जवळजवळ नाहीच. रक्तच थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते. नवजात बाळ थोडं जास्त चिवट असतं, पण थोडंच. पेशीत एमटॉर नावाचं एक प्रथिन असतं. त्याला मुकादम समज. धान्य आहे, वीज आहे, तोवर तो बांधकाम चालू ठेवतो आणि स्वभक्षण दाबून ठेवतो. इंधन घटलं की एएमपीके नावाचा दुसरा जण मुकादमाला गप्प बसवतो, बांधकाम थांबतं आणि लाकडं फोडायला सुरुवात होते. ऑक्सिजन कमी झाल्याची वर्दी देणारी आणखीही प्रथिनं आहेत, तीही खास करून बिघडलेल्या तंतुकणिका मोडीत काढायला लावतात. बिघडलेल्या तंतुकणिका विषारी कचरा ओकतात, त्यामुळे त्या काढणं शहाणपणाचंच. इथवर खाट.

पण गुदमरण्याची इजा एका दमात होत नाही. पहिला फटका बसतो, मग बाळ श्वास घेऊ लागतं, रक्त परत येतं, मेंदू सावरल्यासारखा दिसतो. साधारण सहा तास अशी उसंत असते. मग पेशींची ऊर्जा दुसऱ्यांदा ढासळते आणि ते पुढचे दोन-तीन दिवस चालतं. तुझ्या बाळाला दुसऱ्या दिवशी झटके आले ते याच काळात. या दुसऱ्या लाटेत स्वभक्षण जोरात असतं. ते पेशीला वाचवत असतं की संपवत असतं, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात.

किती भांडतात याचा नमुना देते. २००८ साली दोन निबंध आले. इटलीतल्या गटानं सात दिवसांच्या उंदीर-पिल्लांची एका बाजूची मानेची धमनी बांधली, त्यांना कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलं आणि रॅपामायसिन दिलं. हे औषध मुकादमाला झोपवतं, म्हणजे स्वभक्षण वाढवतं. त्या पिल्लांच्या मेंदूची हानी कमी झाली. त्याच वर्षी जपानी गटानं ज्यांच्या मेंदूत स्वभक्षणाचा जीनच नाही अशी उंदरांची पिल्लं घेतली आणि त्यांना तशीच इजा केली. स्मृतीचं केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या त्यांच्या पेशी जवळजवळ सगळ्या वाचल्या. साध्या पिल्लांच्या मेल्या. गंमत म्हणजे हा तोच जीन, ज्याच्या अभावानं २००६ च्या एका प्रयोगातल्या उंदरांचे मेंदू गाळानं भरले होते. शांत दिवसांत जो नसला तर मेंदू कुजतो, तो वादळात नसला तर मेंदू वाचतो.

दोन्ही गट खोटं बोलत नाहीत. वय, जागा, इजेची तीव्रता, औषध द्यायची वेळ, एवढं सगळं बदललं की निकाल उलटतो. शिवाय आणखी एक गोम आहे, ती मी पुण्याची असल्यामुळे मला चटकन कळली. २०१७ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी कचरा डेपोवर गाड्या येऊ देणं बंद केलं होतं. घंटागाड्या होत्या, माणसं होती, कचरा गोळाही होत होता, पण तो रिचवणारी जागा बंद. आठवड्याभरात शहरभर ढीग. गुदमरलेल्या मेंदूपेशीतही हे घडतं. गठ्ठे बांधले जातात, पण लयकारिकाच जखमी झालेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली गठ्ठे भरपूर दिसले म्हणून स्वभक्षण वाढलं म्हणायचं की तुंबलं म्हणायचं? जुन्या कितीतरी निबंधांत हा घोळ झालाय. आणि तुंबलेल्या शहरात आणखी घंटागाड्या सोडून काय होणार, ते तूच सांग.

पुढचं वाक्य तुला लिहू की नको, यावर मी बराच वेळ अडले. लिहिते, कारण व्हिडिओवाले ते कधी सांगणार नाहीत. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गटानं जन्मताना गुदमरून दगावलेल्या, पूर्ण दिवसांच्या बाळांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. थॅलॅमसमधल्या मरणाऱ्या पेशींत स्वभक्षण कमी नव्हतं, जास्त होतं. तुझं बाळ जिवंत आहे, हसतंय, त्याची गोष्ट वेगळी. पण 'ऑटोफॅजी वाढवा, थॅलॅमस बरा होईल' असं ज्याला वाटतं त्यानं हा निबंध एकदा वाचावा.

त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत बेथ लिव्हाइन यांच्या प्रयोगशाळेनं अति स्वभक्षणानं होणाऱ्या पेशीमृत्यूला 'ऑटोसिस' असं नावच देऊन टाकलं. गुदमरवलेल्या उंदीर-पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तो दिसला आणि नेरीफोलिन नावाच्या द्रव्यानं कमी झाला. हे नेरीफोलिन कुठून येतं माहितेय? पिवळ्या कण्हेरीच्या कुळातून, जिच्या बियांना आपण बिट्ट्या म्हणतो आणि लहानपणी ज्यांनी खेळतो. हे लिहिताना माझा हात थरथरतो, कारण उद्या कुणीतरी 'बिट्टीनं मेंदू बरा होतो' असा व्हिडिओ काढेल. बिट्टी हे हृदय बंद पाडणारं विष आहे. एका बीमुळेही मूल दगावू शकतं. प्रयोगशाळेतला थेंब आणि परसातलं झाड यांच्यामधलं अंतर लक्षात राहावं, एवढ्यासाठीच हे सांगितलं.

तेव्हा तुझा प्रश्न, ऑटोफॅजी वाढवायचं खात्रीचं औषध आहे का. गुदमरलेल्या बाळासाठी नाही. वाढवायचंही नाही आणि कमी करायचंही नाही. रॅपामायसिन माणसांत वापरतात, पण ते प्रतिकारशक्ती दाबतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ते मिळतं. (ते दूर पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून निघालं आणि ते जगासमोर आणण्यात सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा हात होता. इथे उगाच आठवलं.) ते बाळांना कुणी सहज देत नाही. आणि समजा उद्या एखादं औषध निघालंच, तर ते पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत द्यायचं असेल. साडेपाच महिन्यांनी त्या रात्रीची शेकोटी विझून गेलेली आहे. आता वाड्याची डागडुजी चालू आहे, आणि डागडुजीला लाकूड लागतं. बाळाचा मेंदू या घडीला नव्या जोडण्या बांधतोय. हा मुकादमाला झोपवायचा काळच नाही.

उपासानं तरी मेंदूत स्वभक्षण वाढतं का? २००४ मध्ये उंदरांना उपाशी ठेवून पाहिलं तेव्हा यकृतात वाढलं, स्नायूंत वाढलं, मेंदूत दिसलं नाही. २०१० मध्ये दुसऱ्या गटाला उंदरांच्याच मेंदूत दिसलं. उंदरांतसुद्धा एकमत नाही. शिवाय दिवसभर उपाशी राहिलेल्या उंदराचं वजन दहाव्या हिश्श्यानं किंवा त्याहूनही जास्त घटतं. त्याचा एक दिवस म्हणजे आपली एकादशी नव्हे. आणि तुझ्या पेशींनी केलेलं स्वभक्षण तुझ्या पेशींपुरतं. ते दुधात उतरत नाही. दुधात दूध उतरतं.

कॅप्सूल मला वाटतं स्पर्मिडीनच्या असाव्यात, गव्हाच्या अंकुरापासून त्याच काढतात. स्पर्मिडीननं प्रयोगशाळेत स्वभक्षण वाढतं, हे खरं. ते सोयाबीनमध्ये, डाळींत, मशरूममध्ये असतं आणि आईच्या दुधातही असतंच. सहा महिन्यांच्या आतल्या, गिळायला कदाचित कष्ट पडणाऱ्या बाळाला पूड चाटवून ती श्वासनलिकेत गेली तर? नको. मधाचं बोटही नको आणि गुटीही नको.

आता ते थंड करायचं. जाऊबाईंनी हे कुठून ऐकलं ते मला ठाऊक आहे, श्रीमंत देशांत ती नेहमीची उपचारपद्धत आहे. जन्मानंतर सहा तासांच्या आत बाळाचं तापमान ३३.५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणून ७२ तास तिथे ठेवायचं. दुसरी लाट बोथट करायचा तो प्रयत्न. पण आपल्याकडे काय झालं ते ऐक. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या केंद्रांत ४०८ बाळांवर याची नीट चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निकाल आले. थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. का, यावर वाद आहेत. आपल्याकडची इजा कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून, अधूनमधून चालू असावी, असं काहींचं म्हणणं. काही चांगली केंद्रं अजूनही निवडक बाळांना थंड करतात. पण बार्शीकडून पुण्याला चार-पाच तास गाडीतून, झटक्यांच्या वाटेवरचं बाळ घेऊन गेली असतीस तर वाचलं असतं, असं छातीवर हात ठेवून सांगणारा डॉक्टर मला दाखव. जाऊबाईंना हे आकडे सांग, भांडू नकोस.

सिझरचंही तसंच. सिझर कधी करायचं हे ठरवायचं काम कळा देणाऱ्या बाईचं नसतं, बाळाचे ठोके बघणाऱ्यांचं असतं. तू 'नको' म्हणालीस ते भीतीनं, आणि भीती वाटायचा तुला हक्क होता. त्यातून कितीदा नेमकं कारण सापडतच नाही. वार, नाळ, आधीपासूनची एखादी अडचण, कागदावर काहीच उमटलेलं नसतं. एक विचारू? सात आठवडे तू दुपारी बारापर्यंत पोटात अन्न घेतलं नाहीस, दूध आटायला लागलं तरी घेतलं नाहीस. व्हिडिओत तर एवढा जोर नव्हता. तो उपास तू बाळासाठी करत होतीस, की स्वतःला शिक्षा म्हणून? उत्तर मला पाठवू नकोस. पण रात्री झोप येत नसेल, रडू आवरत नसेल, काहीच करावंसं वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं असतं. बाळंतपणानंतर महिन्यांनीही मनाचा आजार धरतो आणि त्याला उपचार आहेत.

'बघत राहू' म्हणजे काय, हे तुला कुणी सांगायला हवं होतं. बाळाच्या डोक्याचा घेर दर महिन्याला मोजून लिहायचा. कानांची बेरा तपासणी आणि डोळ्यांची तपासणी झालीये का ते फाईलमध्ये बघ, नसेल तर करून घे. अंगठा सतत मुठीत दाबलेला राहतो का, एकच हात जास्त वापरतो का, बसतं करताना मान अजून मागे लोंबते का, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात का, पाजताना ठसका लागतो किंवा अर्धा तास उलटून जातो का, हे वहीत तारखेनिशी टिप. वर्षाच्या आत डावरा-उजवा ठरणं हे हुशारीचं लक्षण नसतं, दुसरी बाजू कमजोर असल्याचं असू शकतं.

व्यायाम म्हणजे निव्वळ तेलमालिश नव्हे. ते थेरपिस्टकडून शिकून घ्यायचं आणि दिवसभरात विखरून करायचं. जाग असताना पालथं घालणं, तोंडासमोर तोंड नेऊन बोलणं, वाटीचमचा वाजवून मान वळवायला लावणं, दोन्ही हात मध्यरेषेत आणून खुळखुळा धरवणं. यासाठी पैसे मोजायलाच लागतात असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत अशा मुलांसाठी खास केंद्रं आहेत, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. सोलापूरला चौकशी कर, आशाताईला चिठ्ठी मागायची. दोन आठवड्यांनी सहा महिने पूर्ण होतील, तेव्हा वरचं खाणं सुरू करायचं. नाचणीची पेज, तूप घातलेला मऊ वरणभात, बसतं धरून, चमच्यानं, घाई न करता.

तो पुढे कसा होईल, हे मी एमआरआयवरून सांगणार नाही. थॅलॅमसवर डाग असलेली मुलं हालचालींत मागे राहू शकतात, हे तुला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, आणि ते खरं आहे. पण साडेपाच महिन्यांचं बाळ ओळखून हसतं ही नोंदसुद्धा मी फाईलमध्ये एमआरआयच्या शेजारीच लिहिली असती.

दिरांवर चिडू नकोस. त्यांना पुतण्यासाठी काहीतरी करायचंय आणि हिंजवडीत बसून दुसरं काय सुचणार. त्यांना सांग, कॅप्सूल परत करा आणि या आठवड्यात दोन दिवस रजा टाकून गाडी घेऊन या. ईईजी सोलापूरला करायचा की पुण्याला, ते तुमचे डॉक्टर सांगतील. बाळाला नेहमीच्या झोपेच्या वेळी तिथे पोचवायचंय, डोक्याला तेल न लावता. आणि वाटेत कुठेतरी थांबून तू जेवायचंस.